शाहिराचे कागद कुणाच्या घरात असतात?

आमच्या महाळुंगे पडवळमध्ये हुतात्मा म्हटलं की एकच नाव, बाबू गेनू सैद. गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. गावात त्यांचं स्मारक आहे, डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. शाळेत असताना आम्ही दरवर्षी त्यांच्यावर भाषणं ठोकली. पण त्यांच्या हातचं एखादं पत्र, एखादी चिठ्ठी आम्हाला कुणी दाखवली नाही आणि आम्हीही कधी विचारली नाही.

ते विचारावंसं वाटलं आजोबांच्या वहीमुळे. जुन्नर-आंबेगावातून जी असंख्य माणसं गिरणीत गेली, त्यांतले आमचे आजोबा एक. ते गेल्यावर घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एक वही निघाली. चुलते म्हणाले, "रद्दीत टाक." मी आधी उघडून पाहिली. शाईने उतरवलेली गाणी आणि पोवाडे होते. काही ओळींपुढे फुल्या होत्या. तिथे मागच्यांनी झील धरायची, असा त्यांचा अर्थ हे मला नंतर कळलं. एका पानाच्या डोक्यावर फक्त 'अण्णाभाऊ' एवढंच लिहिलं होतं.

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. शाळा नावापुरती. तेही मुंबईत आले, गिरणीत राबले, कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा बाज घेऊन ते गिरणगावातल्या चौकाचौकात संप, महागाई, सावकारी यांच्यावर बोलू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हेच आवाज सभा पेटवत होते. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले आणि पुढच्या सहा आठवड्यांत, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.

अण्णाभाऊंचं छापलेलं साहित्य आज मिळतं. 'फकिरा' तर घराघरात आहे. राज्य सरकारने त्यांच्या नावाने चरित्र साधने समितीही नेमली. पण छापील पुस्तक वेगळं आणि माणसाचे कागद वेगळे. पुस्तकात शेवटचा शब्द असतो. खोडलेला शब्द, उधारीचा हिशेब, कुणाला लिहिलेलं पत्र हे सगळं कागदांत असतं. एखादी ओळ का बदलली, हे तिथेच कळतं.

जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त हासुद्धा राजकारणात पुरता उतरलेला कलावंत. १९५६ मध्ये तो गेला आणि त्याची पत्नी, अभिनेत्री हेलेने वायगेल हिने त्याच वर्षी त्याच्या कागदांचा संग्रह उभारायला घेतला. हस्तलिखितं, रोजनिश्या, पत्रं, तालमींचे फोटो असं सगळं बर्लिनमध्ये त्याच्या शेवटच्या घरी आजही अभ्यासकांना पाहायला मिळतं. गंमत म्हणजे, तो अमेरिकेत होता तेव्हा तिथल्या एफबीआयनेही त्याची जाडजूड फाइल केली होती. त्याचे कागद प्रेमाने जपले गेले, तसे संशयानेही.

आपल्याकडे संशयाचं दप्तर फार जुनं आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला प्रयोगाची माहिती मागवण्याचा आणि प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला. १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली. हा कायदा रद्द व्हायला २०१८ उजाडलं. मुंबईचं सरकारी पुराभिलेखागार १८२१ पासूनचं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या त्या कपाटांत सरकारला जे ठेवावंसं वाटलं ते आहे. चौकात ऐकणाऱ्याला काय वाटलं, याची नोंद ठेवायला सरकारला काही कारण नव्हतं.

ती नोंद आजोबांनी ठेवली होती. आधी मला वाटलं, ही तर नुसती नक्कल, छापील पुस्तकापुढे हिची काय किंमत? पण शाहिराचं गाणं कागदावर पुरं होतच नाही. सभेत कडवं वाढतं, संप सुरू असला की मालकाचं नाव बदलतं, झीलकरी एखादी ओळ उचलून धरतात. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री खोलीवर येऊन जे आठवेल ते उतरवतो, तेव्हा तो प्रयोगाचीच नोंद करत असतो. अशा शाहिराचे कागद एका घरात सापडायचे नाहीत. ते ऐकणाऱ्यांच्या ट्रंकांमध्ये वाटले गेलेले असतात. म्हणून प्रत्येक ट्रंक रद्दीत जाते तेव्हा त्या दप्तराचं एक पान जातं.

वहीची अर्धी पानं वाळवीने खाल्ली आहेत. उरलेल्या प्रत्येक पानाचा मी मोबाइलवर फोटो काढला. वही कुणाची, कोणत्या घरातली, ट्रंकेत सोबत काय होतं, हेही लिहून ठेवलं. फुल्यांचा अर्थ मात्र मला लागेना. शेवटी रद्दीत टाक म्हणणाऱ्या चुलत्यांनाच वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, एक पान उलटलं आणि पहिल्या फुलीपाशी येताच मांडीवर थाप मारून खणखणीत आवाजात झील धरली. आजोबांच्या मागे उभं राहून लहानपणी म्हटलेली.

तेही मी रेकॉर्ड करून ठेवलं. चाल वहीत कुठेच लिहिलेली नव्हती.