अमेरिकेतील पशुवैद्यक आणि मांजर

अमेरिकेच्या पशुवैद्यकात मांजराला रुग्ण म्हणून स्थान फार उशिरा मिळाले, आणि त्याचे कारण त्या व्यवसायाच्या उगमातच सापडते. 1863 साली न्यूयॉर्कमध्ये पशुवैद्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा शहरांतील मालवाहू गाड्या आणि यादवी युद्धातील तोफा घोडे ओढत होते. 1884 साली केंद्र सरकारने पशुउद्योग विभाग उभारला तो गुरांच्या साथींना आळा घालण्यासाठी. मुंबईत त्याच दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले, तेव्हा तेथील नागरिकांपुढेही गाडीला जुंपलेल्या बैलाघोड्यांचेच हाल होते. उंदीर मारण्यापुरते पाळलेले मांजर आजारी पडले, तर त्याच्यावर पैसे खर्च करणे बहुतेकांना अनाठायी वाटे.

मोटारीमुळे शहरांतून घोडा हद्दपार झाला आणि पशुवैद्य कुत्र्यामांजरांकडे वळले. केवळ मांजरांवर उपचार करणारे अमेरिकेतील पहिले पशुवैद्य मानले जाणारे लुई कमूटी न्यूयॉर्कमध्ये घरोघरी जाऊन रुग्ण तपासत. आपले सगळे रुग्ण पलंगाखाली असतात, अशा अर्थाचे शीर्षक त्यांनी 1980 सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला दिले. या शीर्षकात व्यवसायातली एक खरी अडचण आहे, कारण आजारी मांजर कण्हत नाही, लपून बसते, आणि त्यामुळे दुखणे बळावेपर्यंत माणसांच्या ध्यानात येत नाही.

या दृष्टीने 1947 साली मिशिगनमध्ये एडवर्ड लो यांनी विकायला काढलेली ‘किटी लिटर’, म्हणजे मुलतानी मातीच्या जातीची, ओल शोषून घेणारी दाणेदार माती, कोणत्याही औषधाइतकीच महत्त्वाची ठरते. राख किंवा वाळू यांच्यापेक्षा ती दुर्गंधी चांगली आवरत असल्याने मांजर अहोरात्र घरात राहू लागले, आणि पूर्वी अंगणाआड घडणारी गोष्ट मालकाच्या नजरेसमोर आली. बोक्याची लघवी तुंबली, तर मूत्रातील विषारी द्रव्ये रक्तात साठून तो थोड्याच दिवसांत दगावू शकतो. मातीचा ट्रे कोरडा राहिल्याचे वेळीच दिसणे हे अशा वेळी जीव वाचवणारे निदान असते.

मांजराला लहान आकाराचा कुत्रा समजून औषध देण्याची सवय मात्र सावकाश सुटली. पॅरासिटामॉल निकामी करण्याची यकृताची क्षमता मांजरात अत्यल्प असल्याने माणसाची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. 1971 साली मांजरांच्या वैद्यांची स्वतंत्र संघटना निघाली, 1974 साली कॉर्नेल विद्यापीठात मांजरांच्या रोगांसाठी संशोधनशाळा सुरू झाली, आणि 1987 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की मांजरांचे हृदय फुगून दुबळे होण्यामागे अनेकदा आहारातील टॉरिनची कमतरता असते. टॉरिन हे मांसात आढळणारे अमिनो आम्ल मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. खाद्य कंपन्यांनी ते वाढवताच हा आजार विरळ झाला. अनेक वर्षे मांजरे दगावत होती ती विकतच्या अन्नातील उणिवेने, ही बाब विसरण्याजोगी नाही.

त्याच डेव्हिसमध्ये नील्स पेडरसन यांनी ‘एफआयपी’ या, कोरोनाविषाणूच्या बदललेल्या रूपामुळे होणाऱ्या आणि बहुधा कोवळ्या मांजरांना गाठणाऱ्या प्राणघातक रोगावर अनेक दशके काम केले. जीएस-441524 या विषाणुरोधक द्रव्याने तो बरा होऊ शकतो हे सिद्ध झाल्यावरही मालकांना ते वर्षानुवर्षे अनधिकृत मार्गांनी मिळवावे लागले. अमेरिकेतील पशुवैद्यांना ते चिठ्ठीवर लिहून देता येऊ लागले ते जून 2024 पासून.