ध्यान आणि आरोग्य : थोडा इतिहास, थोडा अनुभव



स्मरणिकेसाठी काही लिही, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर जो प्रसंग आला, तो आपल्यापैकी कुणावर येऊ नये, म्हणून हे धाडस करीत आहे.

मला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. एका शिबिरात आम्हाला ध्यान शिकविले. ते चांगलेच शिकविले. पण शेवटी सांगणारे म्हणाले, "रोज ध्यान करा आणि गोळ्या फेकून द्या." मी त्यांचे ऐकले. महिना-दोन महिने मोठे सुखाचे गेले. झोप लागू लागली, मुलांवरची चिडचिड कमी झाली. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "सूनबाई, आता घरात शांतता आहे गं." आणि एके सकाळी पाणी भरताना घागर हातातून सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांनी बीडला नेले. दाब १९० वर गेला होता. डॉक्टर म्हणाले, "ध्यान सोडू नका, पण गोळीही सोडू नका."

मग खरे काय? झोप लागत होती हे खोटे नव्हते आणि दाब वाढला हेही खोटे नव्हते. ह्या प्रश्नाने मला सोडले नाही. मुलाकडून वाचवून घेतले, काही स्वतः वाचले. त्याचे सार येथे देते.

ध्यान आपल्याला परके नाही. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंत तिथलेच. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशाला गीतेवर टीका सांगितली, तिचा सहावा अध्याय ध्यानयोगाचाच आहे. पण त्या काळी ध्यान करीत ते देवासाठी, मोक्षासाठी. दुखणे बरे व्हावे म्हणून आसनावर बसावे, हा विचार फार अलीकडचा. तो रुजविण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे.

जगन्नाथ गणेश गुणे ह्यांचा जन्म १८८३ सालचा, गुजरातेत डभोईला. पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक होते. नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदास हे त्यांचे गुरू. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. गुरूंवर त्यांची श्रद्धा अपार होती. तरी योगाने शरीरात खरोखर काय घडते, ते यंत्राने पाहिले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी क्ष-किरणांखाली योगक्रिया तपासून पाहिल्या. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून त्यात आपले प्रयोग छापू लागले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आत ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या पोकळीला गुरूंचे नाव दिले. केवढी ही गुरुभक्ती! हे प्रयोग ध्यानाचे नव्हते, शरीराच्या क्रियांचे होते. पण मोजून पाहण्याची वाट त्यांनी घालून दिली. १९२७ साली रक्तदाबाने आजारी असताना गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला होता. कुवलयानंद १९६६ साली गेले. संस्था आजही चालू आहे.

ह्याच वाटेने पुढे इतर गेले. १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील दोन संशोधक आपल्या देशात आले. आपण हृदय थांबवितो, असे सांगणारे काही योगी होते. त्यांच्यावर दिल्लीच्या आनंद ह्यांच्यासह यंत्रे लावून त्यांनी पाहिले. नाडी हाताला लागेना, पण हृदय चालूच होते. श्वास रोखून, छातीचे स्नायू आवळून नाडी मंद केलेली होती. योग्यांचा ताबा खरा, पण हृदय थांबल्याची गोष्ट खरी नव्हे.

इगतपुरीचे विपश्यना केंद्र आपल्याला ऐकून ठाऊक आहे. तिथे १९७६ पासून दहा दिवसांची मौन शिबिरे होतात. ती सुरू करणारे सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीने ते इतके बेजार होते, की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. त्या दुखण्यासाठी ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले, तेव्हा गुरूंनी सांगितले, की केवळ डोकेदुखीसाठी ही विद्या नाही. डोके दुखायचे थांबणे हा वरचा लाभ, मुख्य काम मन निर्मळ करण्याचे!

आपण हरिपाठाला बसतो, माळ ओढतो, त्याचे काय? २००१ साली इटलीतील डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना माळेवरची प्रार्थना आणि मंत्र म्हणायला लावले. तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. आपल्या आज्यांना हे यंत्राविना ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यांना ठाऊक होती ती मनाची शांती. रक्तदाब त्यांनी कधी मोजला नव्हता.

शेवटी २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, म्हणजे ३५१५ माणसांचा, एकत्र हिशेब झाला. काळजी, उदासी आणि वेदना ध्यानाने काही अंशी कमी होतात, असे दिसले. पण औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१७ साली तिथल्या हृदयरोग संघटनेनेही हेच सांगितले, की उपचाराच्या जोडीला ध्यान करावे, उपचाराच्या जागी नव्हे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. ध्यानाने माझे मन हलके केले, हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले. रक्तदाब उतरविण्याचे काम गोळीचे होते, ते मी तिच्याकडून काढून घेतले. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. मन शांत झाले म्हणून दाबही उतरला, असे मी समजून चालले. हीच माझी चूक.

म्हणून एक सूचना मांडते. गुरुवारी आपण देवळाच्या ओसरीवर दहा मिनिटे डोळे मिटून बसतो, ते चालू ठेवू. मात्र महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात जाऊन दाब मोजून घेऊ आणि आकडा वहीत लिहू. गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारूनच करू. कुवलयानंदांनी गुरूवर श्रद्धा ठेवली आणि मोजूनही पाहिले; ह्या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्याला तरी का दिसावा?

लिहिण्यात चुकले असेल तर आपली म्हणून सांभाळून घ्यावे.