फेल्ट केलेली विणीव पिशवी

जाड सुयांवर लोकरीने सैल विणून, मग गरम साबणपाण्यात घुसळून मुद्दाम आटवलेली पिशवी. लोकरीच्या तंतूंवरील सूक्ष्म खवले उष्णता, ओलावा व घर्षणामुळे एकमेकांत अडकतात. टाके दिसेनासे होऊन दाट, उबदार पोत तयार होतो. हेच तिचे खरे सौंदर्य. ॲक्रिलिक धागा आणि न आटण्यासाठी प्रक्रिया केलेली ‘सुपरवॉश’ लोकर येथे निरुपयोगी. वीण सहसा रुंदीपेक्षा उंचीत अधिक आटते, म्हणून आधी नमुन्याचा तुकडा आटवून पाहणे अत्यावश्यक असते. पिशवी ओली असतानाच योग्य मापाच्या खोक्यावर चढवून वाळवतात. वापरताना आतील सामानाच्या वजनाने ती ताणली जाते. त्यामुळे सुती अस्तर लावावे, चामड्याचे बंद दुहेरी दोऱ्याने शिवावेत.