भोंग्याआधीची झोप

लहानपणी आमच्या खोलीत एक नियम होता. सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळेत मोठ्याने बोलायचं नाही. वडील रात्रपाळी करून आलेले असायचे. लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली आणि आम्ही सात माणसं. वडील खिडकीला चादर लावून भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण चाळ थोडीच झोपते? नळावरची भांडणं, शेजारचा रेडिओ, गॅलरीतून धावणारी पोरं, भंगारवाला, सगळं त्यांच्या उशाशीच चाललेलं असायचं. आई दर पाच मिनिटांनी दबक्या आवाजात म्हणायची, "हळू रे, बाबा झोपलेत." खरं तर ते झोपलेले नसायचे, नुसते डोळे मिटून पडलेले असायचे.

त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. साचे खात्यात एका पहाटे साडेचारच्या सुमाराला चाकात बोट सापडलं. पाळी सुटायला अजून अडीच तास होते. त्या आठवड्यात चाळीत लग्न होतं, मांडव आणि लाऊडस्पीकर थेट आमच्या दारासमोर. तीन दिवस ते दोन-दोन तासांच्या वर झोपले नव्हते. गिरणीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं : कामगाराचा निष्काळजीपणा.

आम्हीही तेच धरून चाललो. आई म्हणायची, "लक्ष कुठे होतं तुमचं?" वडील काही बोलायचे नाहीत. आज ते नाहीत. आणि गिरणगावाविषयी जे मिळेल ते वाचता वाचता मला कळत गेलं, की त्या कागदावरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द वडिलांच्याही फार आधीपासून चालत आला होता. आज त्याबद्दलच लिहितोय. थोडं लांबलंय, पण वाचा.

गिरणगावाचा इतिहास आपण पगाराचा, बोनसचा, संपांचा म्हणून सांगतो. तो झोपेचाही इतिहास आहे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. सुरुवातीच्या काळात कामाचे तास सूर्य ठरवायचा. उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला, त्यात ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तासांची मर्यादा घातली गेली. (हो, सात वर्षांच्या मुलांना!) मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. 'साडेसहा' या शब्दावर मी नेहमी अडखळतो. पगार वाढवा असं म्हणण्याआधी ही माणसं सकाळची वेळ मागत होती. पहाटेच्या अंधारात उठून, भाकरी बांधून, चालत गिरणीच्या दारात पोचणाऱ्या माणसाला सकाळचा अर्धा तास म्हणजे काय असतो, हे ज्याने रात्रपाळी-दिवसपाळी केली आहे त्यालाच कळेल.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो ना, त्यामागे ही सभा आहे. ते लोळणं भीक मागून मिळालेलं नाही.

पण मग आले विजेचे दिवे.

सूर्य मावळला की साचे थांबायचे, कारण धागाच दिसायचा नाही. अंधार हाच कामगाराचा एकमेव फॅक्टरी इन्स्पेक्टर होता म्हणा ना! १९०५ च्या सुमाराला गिरण्यांमध्ये वीज आली, कापडाला तेजी होती, आणि बऱ्याच गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. पंधरा तास काम, येणं-जाणं, स्वयंपाक, आंघोळ. झोपेला उरलं काय? त्याच वर्षी या वाढीव तासांविरुद्ध कामगार संपावर गेले. आपण वीज आली म्हणजे प्रगती झाली असं शाळेत शिकलो. ती झालीच. पण त्या दिव्याचं बिल कुणाच्या डोळ्यांनी भरलं, हे पुस्तकात नव्हतं.

आणि लगेच पुढचा किस्सा घड्याळाचा. तो मला सगळ्यात जवळचा वाटतो.

तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ होती, 'बॉम्बे टाइम'. शहराच्या माथ्यावरच्या सूर्याप्रमाणे चालणारी. सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ आणली आणि १९०६ च्या जानेवारीत मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे गेली. म्हणजे नव्या घड्याळात साडेपाच वाजले, तेव्हा जुन्या वेळेप्रमाणे पाचलाही नऊ मिनिटं कमी. ५ जानेवारी १९०६ ला जेकब ससून मिलच्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, दगडफेक झाली. हजारो कामगार रस्त्यावर होते.

शहरातली शिकलेली मंडळीही प्रमाणवेळेच्या विरोधात होती. त्यांचा मुद्दा स्वाभिमानाचा : आमच्या शहराची वेळ तुम्ही कोण ठरवणार? महापालिकेने आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली, तीही पुढे अनेक दशकं. पण कामगाराला घड्याळाचा अभिमान कुठून असणार? बहुतेकांच्या घरात घड्याळच नव्हतं. त्याचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा, आणि तो आता ३९ मिनिटं आधी वाजणार होता. इतिहासकार या दंग्याची कारणं वेगवेगळी सांगतील. पण थंडीच्या दिवसात अंधारातच उठवलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते समजायला मला पुस्तक लागत नाही. मी रोज पहाटे वडिलांचा चेहरा बघितलाय.

आता तो शब्द. आळस.

१९०८ मध्ये फॅक्टरी लेबर कमिशनचा अहवाल आला. मालकांचा युक्तिवाद ठरलेला होता : हिंदी कामगार मुळात आळशी, तो बारा तास गिरणीत असतो पण विडी ओढायला, इकडेतिकडे फिरायला सारखा बाहेर जातो, खरं काम थोडंच करतो. मग तास कमी कशाला करायचे? कमिशनच्या बहुमतालाही मोठ्या पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको होती. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनी मात्र वेगळी टिपणी लिहिली आणि थेट मर्यादा घाला असं सांगितलं. १९११ च्या कायद्यात शेवटी ती आली. कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तास. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

माझा साधा प्रश्न आहे. जो माणूस पाच तास झोपून बारा-चौदा तास साच्यासमोर उभा राहतो, तो अधूनमधून बाहेर जाऊन विडी ओढतो, तो आळस की शरीराने केलेली चोरटी दुरुस्ती? ज्याची झोप काढून घेतली, त्यालाच झोपाळू म्हणायचं!

बरं, गिरणीबाहेर तरी झोप होती का? कोकणातून, घाटावरून आलेले बाप्ये गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका आणि वळकट्या, जेवण खानावळीत. पुढे पाळ्या आल्या तशी झोपेचीही पाळी लागली. एक उठला की त्याच जागी दुसरा आडवा. पावसाळा नसेल तर गॅलरी, जिना, फुटपाथ. बदली कामगाराचं त्याहून वाईट. काम मिळेल की नाही ठाऊक नाही, पण पाळीच्या वेळेला दारात हजर पाहिजे.

आणि बायका? माझी आई गिरणीत नव्हती. नळाला पाणी चारला यायचं म्हणून ती साडेतीनला उठायची. वडिलांची रात्रपाळी असली की बाराच्या आधी त्यांचा डबा भरायची. तिच्या झोपेचा हिशेब ना कायद्याने मांडला, ना युनियनने. खरं सांगायचं तर आम्हीही नाही मांडला.

विज्ञान या बाबतीत उशिरा आलं, पण आलं. आपल्या पेशींमध्ये घड्याळ असतं आणि ते उजेडाशी जुळवून घेतं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ भोंग्याला विचारत नाही. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद असतं, तापमान उतरलेलं, लक्ष विरलेलं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका चुकतो. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ च्या वर सापडलात तर गुन्हा आहे. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सगळ्यांशी अपुऱ्या झोपेचा संबंध आहे.

पहाटे साडेचार. तीन दिवस जागा असलेला माणूस. चालू साचा. यात निष्काळजी कोण होतं, तुम्हीच सांगा.

कायद्याचे आकडे हळूहळू खाली आले. १९२२ ला दिवसाला ११ तास, १९३४ ला १०, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ९, आठवड्याला ४८. प्रत्येक आकड्यामागे कुणाचा तरी संप आहे, कुणाची तरी उपासमार आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

पण आठ मे २०२० आठवतो? लॉकडाऊनमध्ये जालन्याहून पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. तेव्हाही विचारलं गेलं, "रुळांवर झोपतं का कुणी?" पुन्हा तेच. दोष झोपणाऱ्याचा.

आता तो १२ चा आकडा. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेणाऱ्या बदलाला मान्यता दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ वरून १४४ तास. बाजू दोन्ही सांगायला हव्यात : जादा कामाचा जादा मोबदला आहे, कामगाराची लेखी संमती लागणार आहे. हे १९११ नाही, मान्य. पण ज्याला उद्या कामावरून काढतील अशी भीती आहे, त्या कंत्राटी पोराची संमती म्हणजे किती संमती?

आणि साधा हिशेब करा. गिरणगाव उठलं, तिथे टॉवर झाले, आणि गिरणी कामगारांची मुलं-नातवंडं विरार-बदलापूरला गेली. बारा तास काम, जाऊन-येऊन चार तास. राहिले आठ. त्यात जेवण, आंघोळ, पाणी भरणं, पोरांचा अभ्यास, आजारी आई. झोपेला पाच तास मिळाले तरी नशीब. लोखंडेंच्या कामगारांना निदान प्रवास तरी पायी आणि जवळचा होता.

वर मोठमोठे लोक आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा म्हणून सल्ले देतात. त्यांच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच मला विचारायचं आहे.

झोप ही वैयक्तिक सवय आहे, लवकर निजे लवकर उठे, मोबाईल बाजूला ठेवा, हे सगळं ठीक. मीही मुलांना तेच सांगतो. पण गिरणगावाने मला शिकवलं ते वेगळं आहे. माणसाची झोप दिवा ठरवतो, भोंगा ठरवतो, घराचं भाडं ठरवतं आणि कायदा ठरवतो. आणि या शहरात ती जेव्हा जेव्हा परत मिळाली, ती एकेकट्याने कूस बदलून नाही, दहा हजारांनी मैदानात जमून मागितल्यावर मिळाली.

१९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही. भोंगा बंद झाला. तरी मरेपर्यंत ते रात्री बाराला उठून बसायचे. अंधारात अर्ध्या बोटाने चुन्याची डबी उघडायचे. मी एकदा विचारलं, "झोप येत नाही का?" म्हणाले, "सवय गेली रे."

तो कागद अजून आमच्याकडे आहे. 'निष्काळजीपणा' या शब्दावर मी काट मारलेली नाही. ती मारण्याचा अधिकार गिरणीला होता, आणि गिरणी आता नाही.

तुमच्या घरात कुणी पाळीत काम केलं असेल, आजही करत असेल, तर ते किती तास झोपायचे तेवढं आज विचारून बघा. आणि खाली लिहा.