खाडीपलीकडची नावे

ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेल्या नवी मुंबईचे नाव नवे असले, तरी तिच्या बहुतेक वसाहतींची नावे जुनीच आहेत. वाशी, तुर्भे, नेरुळ, घणसोली, खारघर, कामोठे, उलवे ही मुळात प्रामुख्याने आगरी-कोळी वस्तीची गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर ती जगत होती.

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. पुढे १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ची स्थापना झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला. इंग्रजीत त्याला ‘न्यू बॉम्बे’ म्हटले जाई. १९९५ मध्ये बॉम्बेचे मुंबई झाल्यावर तेथेही ‘नवी मुंबई’ रूढ झाले.

सिडकोने शहराची आखणी अनेक ‘नोड’मध्ये केली आणि बहुतेक नोडना त्या परिसरातील गावाचेच नाव दिले. द्रोणागिरीला उरणजवळच्या डोंगराचे नाव मिळाले, खांदेश्वर स्थानकाला शिवमंदिराचे. मात्र नोडच्या आत नावे संपतात आणि सेक्टरचे क्रमांक सुरू होतात. मूळ गाव त्या क्रमांकांच्या मधोमध गावठाण म्हणून उरले. आज ‘नेरुळ’ म्हटल्यावर सामान्य प्रवाशाला रेल्वे स्थानक आठवते, गाव नव्हे.

न्हावा-शेवाची कथा याहून विलक्षण आहे. न्हावा आणि शेवा ही दोन गावे. तेथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले. पण जहाजांच्या कागदपत्रांत ‘न्हावा-शेवा’च रुळले. शेव्याचे ग्रामस्थ मात्र बंदरासाठी विस्थापित झाले. गावाचे नाव जगभरच्या बंदरांत पोहोचले आणि गाव जागेवरून उठले.

नावे टिकली, जमिनी गेल्या. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटित झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आकाराला आली. या प्रदेशात नावाचा प्रश्न निव्वळ भावनिक मानता येत नाही, तो या इतिहासामुळे.

अनिवासी भारतीयांसाठी सिडकोने उभारलेल्या ‘सीवूड्स’ संकुलामुळे त्या भागाला सर्वस्वी परके नाव चिकटले. तरी स्थानकाच्या नावात दारावे गावाची जोड राहिली. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी जून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठरावही केला. १२ जानेवारी २०२४ रोजी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली, तेव्हाही मार्गावरील गावांची मागणी तीच होती: स्थानक ज्या गावाच्या जमिनीवर उभे आहे, पाटीवर नाव त्याच गावाचे असावे.