चिनी चहापेल्यावरील मीनारंग : नावे आणि पुरावा

तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद-संग्रहालयात युंग-चंग बादशहाच्या कारकिर्दीतील (इ. स. १७२३–१७३५) चहाचे काही पेले आहेत. ते चिनी पद्धतीप्रमाणे बिनकानाचे व अतिशय पातळ अंगाचे. पांढऱ्याशुभ्र झिलईवर बांबू किंवा फुलझाड रंगविलेले, शेजारी कवितेच्या ओळी व तांबड्या मुद्रा, आणि तळाशी निळ्या मीनारंगात बादशहाच्या नावाची चार अक्षरे. अशा पात्रांना आज चिनी भाषेत 'फा-लांग-त्साय', म्हणजे फा-लांग रंगांची पात्रे, असे म्हणतात.

हे नाव व ही कला दोन्ही अठराव्या शतकात युरोपीय मिशनऱ्यांनी चीनला दिली, असा समज रूढ आहे. त्याला आधार नाही असे नव्हे. कांग-शी बादशहाने (कारकीर्द १६६१–१७२२) राजवाड्यात मीनाकामाची कर्मशाळा चालविली. मात्तेओ रीपा व कास्तील्योने ह्या इटालियन चित्रकारांना तेथे राबविल्याची हकीकत रीपाच्या १७१६ च्या पत्रात आहे. ह्या कामातून सुटका व्हावी म्हणून दोघांनी मुद्दाम वाईट रंगकाम केले, असे रीपा स्वतःच सांगतो! ग्राव्हेरो हा फ्रेंच मीनाकार १७१९ मध्ये आला. परंतु ज्या साक्षीदारांनी काम बिघडविल्याचे स्वतः कबूल केले, त्यांच्याकडे संपूर्ण कलेचे श्रेय देणे धाडसाचे ठरेल.

शब्दाचा पुरावाही वेगळी दिशा दाखवितो. 'फा-लांग' हे 'फो-लांग' ह्याचेच रूपांतर मानले जाते. त्साओ चाओ ह्याच्या १३८८ च्या पुराणवस्तुविषयक ग्रंथात अरबी बनावटीच्या, तांब्याच्या अंगावर रंग भाजलेल्या भांड्यांची तुलना 'फो-लांग' जडावाशी केलेली आहे. पोर्तुगीज चिनी किनाऱ्यावर आले ते १५१३ मध्ये. मिंग काळातील लेखक त्यांना 'फो-लांग-ची' म्हणत. मराठीतील 'फिरंगी' हा त्याच कुळातील शब्द होय. म्हणजे मीनाकामाला लागलेले 'फो-लांग' हे विशेषण पोर्तुगीजांहून सव्वाशे वर्षांनी जुने आहे, आणि ते चीनमध्ये पोहोचले ते पश्चिम आशियाच्या वाटेने, धातूच्या भांड्यांबरोबर. नावावरून मिशनऱ्यांचे कर्तृत्व सिद्ध करता येत नाही.

द्रव्याचा प्रश्न निराळा. गुलाबी रंगात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. हे तंत्र सतराव्या शतकात युरोपात माहीत होते, व ते चीनमध्ये बाहेरून आले हे मान्य करावे लागते. मात्र पुढील वाटचाल राजवाड्यातील कारागिरांची आहे. कांग-शीच्या काळी वाडग्यांची बाहेरील बाजू झिलईविना ठेवून ती सबंध रंगाने झाकीत. युंग-चंगच्या काळी झिलईवरच मोकळे रेखाटन होऊ लागले. कर्मशाळेच्या १७२८ च्या नोंदींत पाश्चात्त्य रंगांबरोबर राजवाड्यात नव्याने सिद्ध केलेल्या रंगांची यादी आढळते. कोरे पेले च्यांग-शी प्रांतातील चिंग-त-चेन येथे भाजून पेकिंगला येत. तेथे ते रंगवून पुन्हा मंद आचेवर भाजीत.

चिंग-त-चेन येथेच रंगविलेल्या मालाला अधीक्षक थांग यिंग ह्याच्या १७३५ च्या लेखात 'यांग-त्साय', म्हणजे परदेशी रंग, असे नाव आहे. पुढे चिनी भाषेत 'फन-त्साय' रूढ झाले, आणि १८६२ मध्ये जाकमार ह्या फ्रेंच अभ्यासकाने सर्वांना मिळून 'गुलाबी घराणे' असे नाव दिले. युरोपीय सूचींनी हेच वर्गीकरण स्वीकारले. त्यात पेला बादशहाच्या वाड्यात रंगविला की आठशे मैलांवरील भट्टीत, हा भेद नाहीसा झाला. तैपेईच्या अभ्यासकांनी दरबारी दप्तराशी एकेक वस्तू ताडून अलीकडे तो पुन्हा प्रस्थापित केला आहे. त्या दप्तरात मात्र 'फा-लांग-त्साय' हा आजचा रूढ शब्द नसून 'चिनी मातीच्या अंगावर रंगविलेले फा-लांग' असा लांब, पण अचूक प्रयोग येतो.