वास्तुशिल्पी आणि समाज



काही दिवसांपूर्वी नागपुरातील एका स्नेह्यांच्या घरी एक लहानसा वाद ऐकावयास मिळाला. कन्या बारावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली; तिला वास्तुशिल्पी व्हावयाचे होते. वडिलांचे म्हणणे असे की, घर बांधावयास गवंडी आणि इंजिनीअर असले म्हणजे झाले. हा तिसरा मनुष्य हवा कशाला? मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाबा, गवंडी भिंत उभी करील, इंजिनीअर ती पडू देणार नाही; पण ती भिंत मुळात कोठे असावी, हे कोणी ठरवावयाचे?" वडील निरुत्तर झाले. मात्र त्यांची चिंता खोटी नव्हती. म्हणून या दोघांचाही विचार आज आपण करू.

आपल्याकडे हा व्यवसाय फार प्राचीन, पण त्याला मिळालेले स्वतंत्र नाव अर्वाचीन आहे. पूर्वी देवालय किंवा वाडा उभारणारा कारागीरच त्याची योजनाही आखीत असे. इंग्रजी अमदानीत योजणारा आणि बांधणारा यांची फारकत झाली. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथे १८९६ मध्ये नकाशे काढणाऱ्या सहायकांसाठी वर्ग सुरू झाला, आणि १९१३ पासून वास्तुकलेच्या पूर्ण शिक्षणाची सोय झाली. १९१७ साली तेथील विद्यार्थ्यांनी एक मंडळ स्थापिले. त्याचेच पुढे १९२९ साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' असे रूपांतर झाले. १९३६ साली पेरिन मिस्त्री या वास्तुकलेची पदविका मिळविणाऱ्या देशातील पहिल्या स्त्री ठरल्या. तेव्हा मुलींचे हे क्षेत्र नव्हे, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचा आधार नाही. कोकणातील आचरे गावी जन्मलेले अच्युत कानविंदे याच संस्थेतून शिकून हार्वर्डला गेले, आणि परतल्यावर कानपूरच्या आय. आय. टी.चे विस्तीर्ण आवार त्यांनी उभारले.

आता व्यवहाराची बाजू. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून कोणासही 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, आणि त्यानंतरही पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या कचेरीत उमेदवारी करावी लागते. या विद्येत शीघ्र संपत्ती नाही, हे वडिलांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. पण मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. भिंत कोठे असावी, हे ठरविणे म्हणजे कोणी आत यावे, कोणी बाहेर राहावे, हेही ठरविणे होय. याची साक्ष पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. नागपूर आणि वर्धा मार्ग पुरेसा आहे.

सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची इमारत आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. नव्या दिल्लीच्या उभारणीत काम केलेले हेन्री मेड हे तिचे शिल्पी. १९३७ साली पायाभरणी झाली आणि १९४० साली उद्घाटन. तो घुमट, ती समतोल रचना, ते प्रशस्त आवार पाहून मनुष्य नकळत आवाज खाली आणतो. राजसत्तेला तेच अभिप्रेत होते. राजसत्ता गेली, परंतु इमारत राहिली. आज त्याच घुमटाखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सामान्य नागरिक शासनाविरुद्धही दाद मागतो. वास्तूचा अर्थ शिल्पी एकटा ठरवीत नाही. पुढे तिचा वापर करणारा समाज तो बदलू शकतो.

दीक्षाभूमीचे उदाहरण याहून बोलके आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेथे वास्तुशिल्पी शिवदानमल यांच्या योजनेप्रमाणे स्तूप उभा राहिला. बांधकाम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आकार सांचीच्या स्तूपावरून घेतला आहे. पण सांचीचा स्तूप भरीव आहे. भाविकाने बाहेरून प्रदक्षिणा करावयाची. दीक्षाभूमीचा सुमारे १२० फूट व्यासाचा स्तूप आतून पोकळ आहे. तेथे आत प्रवेश करता येतो. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, त्यांच्यासाठी स्तूपाला दार असणे ही केवळ रचनेची बाब नव्हे. भिंत कोठे असावी, या प्रश्नाचे याहून उदात्त उत्तर मला ठाऊक नाही.

वर्धा मार्गाने पुढे गेले की नागपुराहून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम लागते. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. मीराबेनच्या देखरेखीखाली उभी राहिलेली बापू कुटी मातीची, बांबूची आणि कौलांची आहे. गावात जे मिळते त्याने आणि गावचे हात जे जाणतात त्या रीतीनेच ती बांधिली. जाड मातीच्या भिंती आणि खाली उतरलेले छप्पर यांमुळे वैदर्भीय उन्हाळ्यातही आत बसवते. कुटीच्या भिंतीवर मीराबेनने मातीतच उठविलेली ताडाची झाडे आजही दिसतात.

आता परत फिरून नागपूरच्या वेशीवर, मिहानपाशी थांबू. या स्थळाचे महत्त्व आजचे नाही. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा हाच लाभ मोठ्या प्रमाणावर घ्यावा, या हेतूने २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहान प्रकल्प आकारास आला. आज तेथे संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, विमानदुरुस्तीचे केंद्र आहे. आय. आय. एम.च्या आवाराचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एम्स रुग्णालय राष्ट्रास अर्पण झाले. दूरदूरच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णाला त्या रुग्णालयाचे मोल काय, हे सांगावयास नको.

पण ही भूमी रिकामी नव्हती. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची ती शेते, ते गोठे, ती घरे होती. पुनर्वसन आणि मोबदला यांचा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे धुमसत राहिला. शेतकऱ्याच्या घराला अंगण असते, धान्य ठेवण्यास जागा असते, गुरांना आडोसा असतो. अशा कुटुंबास एक आखीव भूखंड मिळाला म्हणजे घराच्या बदली घर मिळाले असे होत नाही. कोणत्या खोलीत काय होत होते, हे कोणी तरी विचारावे लागते. ते विचारणे वास्तुशिल्प्याचे काम आहे, आणि तेही पहिली रेघ ओढण्यापूर्वीचे. तसेच, जेथे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेथे काचेची भिंत उभारून मग ती यंत्राने थंड करीत बसणे, हा ज्या गावात वाळ्याच्या ताट्यांची सोय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती त्या गावाचा विसरभोळेपणाच म्हणावयाचा. काच टाकाऊ नव्हे. पण तिच्यापुढे सावली हवी, हे सेवाग्रामची कुटी सांगत आहे.

तेव्हा त्या वडिलांना माझे सांगणे इतकेच की, कन्येस अवश्य जाऊ द्यावे; मात्र शीघ्र संपत्तीची आशा बाळगू नये. आणि कन्येस सांगणे असे की, विद्यालयात नाव घालण्यापूर्वी एक दिवस वर्धा मार्गाने जाऊन यावे. दीक्षाभूमीच्या दारातून आत जावे, सेवाग्रामच्या भिंतीला हात लावून पाहावा, आणि परतताना मिहानमधील कोणत्याही नव्या इमारतीसमोर उभे राहून तेथे पूर्वी काय होते, ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. त्याचे उत्तर ऐकूनही ज्याला रेघ ओढण्याचे धैर्य राहील, आणि ती ओढताना ज्याचा हात थोडा जपून चालेल, तो वास्तुशिल्पी होण्यास योग्य समजावा.